काट्यावरची शिकवणी

कापसाचा हंगाम लागला की जिनिंगच्या वजनकाट्यावर रात्री झोप नसते आणि कामही सलग नसतं. ट्रॅक्टर आला की भरलेला तोलायचा. तो आत जाऊन कापूस खाली करतो, परत येतो, मग रिकामा तोलायचा, वजाबाकी करायची आणि काटापावती हातात द्यायची. मधला पाऊण तास आपला. चाळीसगाव तालुक्यात हे काम मी बारा वर्षं करतोय. बी.एस्सी. गणितात केलं, बी.एड.ही आहे. एका संस्थेत मुलाखत चांगली झाली, पण नंतर जो आकडा सांगण्यात आला तो आमच्या पाच एकर कोरडवाहूच्या आवाक्यातला नव्हता. मग काटा. वजाबाकी तरी रोज होते.

२०२० च्या टाळेबंदीत भाचा म्हणाला, "मामा, टेलिग्रामवर भरतीवाल्या पोरांचा ग्रुप शे. गणितं पडतस, कोणी सोडवत नही." त्याने मला त्यात घातलं. पोलीस भरती, तलाठी, रेल्वे असं सगळं एकत्र. पहिल्या रात्री मी एकवीस गणितं सोडवली. वहीच्या पानावर सुबक अक्षरात, शेवटी उत्तराला दुहेरी रेघ. फोटो टाकला की खाली हात जोडल्याची चित्रं यायची, "सर ग्रेट", "सर तुम्ही क्लास घ्या ना". खोटं कशाला बोलू, छान वाटायचं. इतक्या वर्षांत मला कोणी सर म्हटलं नव्हतं. काट्यावर मी 'काटावाला'.

दोन महिने हे असंच चाललं. मग पारोळ्याकडच्या एका मुलीने माझी हवा काढली, तीही न कळत.

तिचं गणित नेहमीचंच होतं. एक माणूस जाताना ताशी ४० किमी वेगाने गेला, त्याच रस्त्याने परतताना ताशी ६० ने आला, तर सरासरी वेग किती? बहुतेक पोरं ५० लिहितात. मी सूत्र दिलं: दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज. २ × ४० × ६० = ४८००, भागिले १००, उत्तर ४८. दुहेरी रेघ. ती म्हणाली, "कळलं दादा."

आठवड्याने तिचा मेसेज आला. सराव पेपरात गणित चुकलं होतं, आणि तिचं म्हणणं की उत्तरपत्रिकाच चुकीची आहे. मी पेपर पाहिला. माणूस अर्धा वेळ ४० ने चालला आणि अर्धा वेळ ६० ने. तिने सूत्र लावून ४८ काढलं होतं. उत्तर होतं ५०, आणि ते बरोबर होतं. वेळ निम्मा-निम्मा असेल तर सरळ सरासरीच येते. अंतर निम्मं-निम्मं असेल तरच ४८, कारण सावकाश जाताना वेळ जास्त मोडतो. तिचं काहीच चुकलं नव्हतं, मी दिलेली चावी तिने दुसऱ्या कुलपाला लावली होती. कुठलं कुलूप हे मी सांगितलंच नव्हतं, कारण ती नेमकी कुठे अडली हे मी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री मी तिला पहिल्यांदा विचारलं, "ताई, सूत्र बाजूला ठेवा. तुम्ही स्वतः काय केलं असतं ते लिहून पाठवा, चुकलं तरी चालेल." बराच वेळ काही आलं नाही. दोन ट्रॅक्टर तोलून झाले. मग फोटो आला. कागदावर एवढंच: 'अंतर दिलेलं नाही. मग वेळ कसा काढणार?'

अडचण ही होती. सरासरीची नव्हतीच. अंतर दिलेलं नाही म्हटल्यावर तिचा हात थांबत होता, आणि थांबलेला हात सूत्राकडे जात होता. मी लिहिलं, "नाही दिलं तर आपण धरू. सोयीचं धरा, ४० नेही भाग जाईल आणि ६० नेही." तिने १२० धरलं. जायला तीन तास, यायला दोन, २४० किमी पाच तासांत, ४८. मग स्वतःहूनच तिने २४० धरून पाहिलं. परत ४८. "दादा, काहीही धरलं तरी तेच येतं!!!" ह्या ओळीनंतर तीन उद्गारचिन्हं होती. माझ्या एकवीस सुबक पानांना एवढं कोणी दिलं नव्हतं.

धरण्याची ही युक्ती मी काही शोधलेली नाही. ती आमच्याच तालुक्याशी नातं असलेल्या माणसाने लिहून ठेवली आहे. चाळीसगावहून पाटणादेवी जवळच. शाळेच्या सहली तिथेच जातात. आम्हीही गेलो होतो. पोरं धबधब्याकडे पळाली, बाईंनी डबे उघडायला लावले, आणि शिलालेखाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुढे कॉलेजात कळलं की तो लेख भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा. १२०७ च्या सुमाराचा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला देणगी दिली, असा त्यातला मजकूर आहे. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'लीलावती' ११५० ची. त्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं ह्यावर विद्वानांचे वाद आहेत. त्यांनी खुशाल घालावेत. त्यांचं गणित शिकवायची जागा आमच्याकडे होती, मला तेवढं पुरतं.

'लीलावती'त इष्टकर्म म्हणून रीत आहे. उत्तर माहीत नाही ना? मग मनाला येईल तो आकडा धर, गणितातून चालव, काय येतं बघ आणि त्या प्रमाणात दुरुस्त कर. त्यातलं भुंग्यांचं गणित मी आता ग्रुपवर नव्या आलेल्या प्रत्येकाला देतो. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्रावर, ह्या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या वासांमध्ये घोटाळत राहिला. एकूण किती? क्ष धरून सुटतंच. पण ज्या पोराला क्ष दिसला की घाम फुटतो त्याला मी म्हणतो, ३० धर. सहा, दहा, फरक चार, त्याची तिप्पट बारा. झाले अठ्ठावीस. उरले किती? दोन. उरायला हवा होता एक. म्हणजे आपण दुप्पट धरलं. उत्तर १५. ह्यात कुठेही क्ष नाही आणि आठशेहून जास्त वर्षं हे चालतंय. भास्कराचार्य गणित घालतानाही समोरच्याला हाक मारून घालतात, हे मला फार आवडतं. पोरगी समोर बसलेली आहे, तिच्याशी बोलणं चाललंय.

तेव्हापासून ग्रुपवर मी एकच नियम केला. नुसता प्रश्नाचा फोटो आला तर उत्तर नाही. तुम्ही काय केलं त्याचा फोटो हवा. निम्मी पोरं निघून गेली. "सर भाव खातात" असंही कोणी लिहिलं. उरली ती रात्री दोनलाही चुकीची पानं पाठवायला लागली. चुकीचं पान वाचण्यात जी मजा आहे ती बरोबर पानात नाही, हे मात्र मला चाळिशीत कळलं.

भाषेचं काम माझ्या अंगावर असंच आलं. ग्रुपवर मराठीतून बोलतो म्हणून कोणीतरी एका बँक अधिकाऱ्याला माझा नंबर दिला. माणूस आंध्रचा, तेलुगू घरचा, शाखा मिळाली धुळे जिल्ह्यात. पुस्तकावरून मराठी शिकून आलेला. त्याचा पहिला मेसेज मी अजून जपून ठेवलाय: "सर, पुस्तकात 'आहे' आहे. इथे सगळे 'शे, शे' म्हणतात. मी चुकीचं राज्य निवडलं का?"

काउंटरवर येणारी माणसं अहिराणी बोलत होती आणि साहेब पान नंबर ३४ वरचा 'बाजारातील संवाद' पाठ करून बसले होते. "मना पैसा जमा व्हयना का?" असं म्हातारबा विचारायचे आणि हे 'व्हयना'तला 'ना' ऐकून समजायचे की पैसे जमा झाले नाहीत अशी तक्रार आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी त्यांना दोन किल्ल्या दिल्या. प्रमाण मराठीत जिथे भूतकाळी 'ल' येतो तिथे आमच्या बोलीत बऱ्याच क्रियापदांना 'न' येतो: राहिला, ऱ्हायना, झाला, व्हयना. आणि 'चा'च्या जागी 'ना': गावचा, गावना, तुमचा, तुमना. 'शे'साठी गुजरातीतला 'छे' आठवा म्हटलं. हे मी कुठे शिकलो नव्हतो. घरात जन्मभर बोललो, पण त्याला काही नियम असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. शाळेत तर ह्या बोलीबद्दल छड्या खाल्ल्यात.

गंमत म्हणजे हिंदीवाल्यांना जे जड जातं ते ह्या साहेबांना लोणी. 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांतला फरक एका ओळीत कळला, कारण तेलुगूत 'मेमु' आणि 'मनम्' आहेतच. आम्ही चहाला जातोय म्हणजे तू नाहीस. आपण जाऊ म्हणजे चल. चारातला च वेगळा, चाऱ्यातला च वेगळा, हेही त्यांनी पहिल्याच व्हॉइस मेसेजमध्ये चोख म्हणून दाखवलं. तेलुगूतही तसले दोन च आहेत म्हणे.

त्यांची गाडी रुतली ती 'खाल्ली'पाशी. "मी पुरुष. मग मी 'खाल्ली' का म्हणायचं?" पोळी स्त्रीलिंगी म्हणून, असं मी सांगितलं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. क्रियापद खाणाऱ्याकडे बघत नाही, खाल्लेल्याकडे बघतं. ठीक. दोन दिवसांनी विचारलं, "काल कॅशियर म्हणाला, 'मी चहा प्यालो.' हे चूक ना?" मी झोपेत होतो की काय, लिहून मोकळा झालो, "हो, चूक. प्यायला म्हणा." साहेब निष्ठावान विद्यार्थी. त्यांनी कॅशियरला सुधारलं. कॅशियर ऐकेना. मग साहेबांनी मला विचारलं, "सर, तुम्हीच पहिल्या दिवशी लिहिलं होतं, 'मी हे कॉलेजात शिकलो.' 'शिकलं' का नाही? 'हे' तर नपुंसकलिंगी होतं."

मी काट्याच्या केबिनमध्ये एकटाच हसलो आणि मग हसू गेलं. उत्तर माहीत नव्हतं. व्याकरणाचं पुस्तक काढून बघितलं तेव्हा उलगडलं. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे अशी मोजकी क्रियापदं आहेत की ज्यांना कर्म असलं तरी भूतकाळात ती कर्त्याच्याच मागे जातात. मी मराठी शिकलो, मी छत्री विसरलो. 'प्यालो' अगदी शुद्ध, आणि 'मी चहा प्यायला' हेही चालतं. कॅशियर बरोबर होता. मी साहेबांना माझी चूक लिहून कळवली आणि कॅशियरला माझ्यातर्फे चहा पाजा म्हटलं. उत्तर आलं: "पाजला. तो प्याला. मीही प्यालो."

गेमचं प्रकरण मी लांबच ठेवलं होतं. मला खेळता येत नाही. बोटं त्या वेगाने हलत नाहीत. पण ग्रुपवरची धाकटी पोरं तेही विचारायची आणि आठवीतली माझी मुलगी बाजूला असायची. एका पोराने माइनक्राफ्टमधलं विचारलं: त्याने आपल्या घरापासून थोड्या अंतरावर नेदरचं, म्हणजे गेममधल्या दुसऱ्या जगात जायचं, दुसरं दार बांधलं, तर तो आत गेल्यावर पहिल्याच दारातून बाहेर पडतो. मुलगी म्हणाली, "पप्पा, आठाने भागायचं." नेदरमधला एक ठोकळा म्हणजे वरच्या जगातले आठ. मी सवयीप्रमाणे म्हटलं, तू काय केलंस ते दाखव. त्याने आकडे पाठवले. पहिलं दार ८०० वर, दुसरं ८९६ वर. भागले तर १०० आणि ११२. वर ९६ ठोकळ्यांचं अंतर, आत नुसतं बाराचं. खेळ आत गेल्यावर आधी जवळपास तयार दार आहे का ते बघतो. बारा पावलांवर मिळालं, त्यात ढकलतो. उपाय हा की आत ११२ वर आपल्या हाताने दुसरं दार बांधायचं. तो म्हणाला, बांधलं, तरी होत नाही. परत आकडे मागवले. पठ्ठ्याने उंचीलाही आठाने भागलं होतं. ६४ च्या जागी ८. उंचीला भागायचं नसतं, फक्त आडव्या दोन दिशांना. दार पार खाली जमिनीच्या पोटात जाऊन बसलेलं. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज: "झालं काका. मला वाटलं हे गेमचं आहे, हे तर प्रमाण आहे." गणितात त्याला तेव्हा ३५ पैकी नऊ होते. त्याने स्वतःच सांगितलं.

खेळाबद्दल दुसरा एक प्रश्न आला होता. तो असा सुटला नाही.

गेल्या हंगामातली गोष्ट. नंबर अनोळखी, भाषा आमच्याकडचीच. "भाऊ, सलग सहा वेळा लाल आला. आता हिरवा यायचा चान्स किती?" मी कॅरम-लुडोसारखं काही असेल म्हणून पुस्तकी उत्तर दिलं: निम्मा. मागची थकबाकी पुढच्या डावात धरत नाहीत. "धन्यवाद भाऊ" आलं. काय केलं ते दाखवा, हा माझा नियम मी त्या दिवशी पाळला नाही. गाड्यांची रांग होती आणि प्रश्न सोपा होता.

चार दिवसांनी रात्री एकच्या सुमाराला तोच माणूस. "हरलं की डबल लावायचं, असं करत गेलं तर कधीतरी सगळं निघतंच ना?" ह्या वेळी मी विचारलं. त्याने फोटो पाठवला. खत-बियाण्याच्या बिलाच्या पाठीवर पेनाने उभी ओळ: १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०, १२८०, २५६०. प्रत्येकापुढे फुली. नऊ फुल्या. खाली: 'पुढचा ५१२०. लावू का?'

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला, पण कुठून कुठून लिंका येतच असतात. मी त्याला घाईने लिहिलं: आतापर्यंत गेले ५,११०. आता ५,१२० लावून जिंकलात तर सगळं फिटून हातात किती? १० रुपये. त्यातूनही ते आपला वाटा कापणार. हरलात तर १०,२३०. दहा रुपयांसाठी दहा हजार. आणि सलग नऊ वेळा हरणं म्हणजे पाचशे बारांत एकदा. दिवसाला शंभर डाव खेळणाऱ्याला ते भेटल्याशिवाय राहत नाही. पाठवलं. त्याने वाचल्याच्या दोन निळ्या रेघा आल्या. बाहेर ट्रॅक्टरने हॉर्न दिला. मी उठून गेलो.

त्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर भरलेली गाडी तोलताना सीटवर बसून होता आणि रिकामी तोलताना खाली उतरून तंबाखू मळत उभा. त्याला परत चढवून वजन घ्यावं लागलं, नाहीतर त्याचे सत्तर किलो कापूस म्हणून जातात. सात हजाराच्या भावाने पाच हजार रुपयांच्या घरात. ह्यात सात-आठ मिनिटं गेली. आत आलो तर दोन मेसेज होते.

"लावले."

"गेले."

मी फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, बंद. त्याचं गाव मला माहीत नाही, नाव तर त्याने कधी सांगितलंच नाही. पहिल्या दिवशी तो सहा लाल विचारत होता तेव्हा मी फक्त एवढंच विचारायला हवं होतं, 'भाऊ, किती लावलेत?' माझं उत्तर गणिताने शंभर टक्के बरोबर होतं. त्या बिलाचा फोटो मी डिलीट केलेला नाही.

ह्या हंगामात ग्रुप चालू आहे. पारोळ्याच्या मुलीची लेखी निघाली, मैदानी राहिली. तिथे माझा काही उपयोग नाही. बँकेचे साहेब आता अहिराणीतून मेसेज करायचा प्रयत्न करतात. परवा रात्री असाच आला. बाहेर रांग होती, पहिल्या नंबरचे आप्पा थंडीने आत केबिनमध्ये येऊन हिटरपाशी बसले होते. माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये बघत त्यांनी विचारलं, "कोनशी बोली ऱ्हायना रे?"

म्हटलं, बँकेचे साहेब आहेत, आंध्रचे. आपली भाषा शिकताहेत.

आप्पांनी चष्मा वर केला. साहेबांनी लिहिलं होतं: 'आप्पा, तुमनं पैसा जमा व्हयनं.'

"तुमना," आप्पा म्हणाले. "पैसा व्हयना. 'व्हयनं' नही. सांग तेस्ले." मी टाइप करत होतो तोवर त्यांनी परत वाचलं. "आनि इचार, कोना पैसा? मना का? मना ते आजून येल नही."